देवळालीचे स्वयंभू मास्तर

पहिल्या वर्षाला सी प्रोग्रॅमिंगच्या जर्नलमध्ये आम्हाला एक प्रॅक्टिकल होतं. चार अंकी संख्या घ्यायची, तिचे अंक उतरत्या क्रमाने लावायचे, मग चढत्या क्रमाने लावायचे, मोठीतून लहान वजा करायची आणि आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच करायचं. चारही अंक सारखे नसले तर जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येतं आणि गाडी तिथेच थांबते, कारण ७६४१ वजा १४६७ म्हणजे पुन्हा ६१७४. प्रॅक्टिकलचं नाव इंग्रजीत छापलेलं होतं आणि व्हायवाच्या आदल्या रात्री मी ते मोठमोठ्याने 'कॅप्रेकार्स कॉन्स्टंट' असं घोकत होते. कॉन्व्हेंटमध्ये गेलेली वर्षं, दुसरं काय! माझ्या डोळ्यांसमोर ओव्हरकोट घातलेला कोणीतरी हंगेरियन प्रोफेसर होता. आजोबा पेपर खाली ठेवून हसत सुटले. कॅप्रेकार नाही गं, कापरेकर. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. देवळालीचे मास्तर होते ते, आणि शाळेला होते इथे ठाण्यात.

माझी मान खाली. मग आजोबांनी पेपरच्या समासात माझं जन्मवर्ष घेतलं, २००५. ५२०० वजा ००२५, आले ५१७५. मग ५९९४, ५३५५, १९९८, ८०८२, ८५३२ आणि सातव्या पायरीला ६१७४. त्यानंतर त्यांनी कापरेकरांचं जन्मवर्ष घेतलं, १९०५. ९३५१, ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि पुन्हा सातव्याच पायरीला ६१७४. बरोबर शंभर वर्षांचं अंतर आणि दोघांनाही पूर्ण सात पायऱ्या! याला अर्थ काही नाही, पण मला उगीच बरं वाटलं.

तर हा लेख कापरेकरांवर आहे. पण तो लिहायला बसले ती यंदाच्या सेमिनारमुळे, आणि सेमिनारचा विषय होता डिजिटल प्रमाणपत्रं तपासताना सॉफ्टवेअर लायब्रऱ्या कुठे चुकतात. दोन्हींचा काय संबंध, असं आमच्या गाईड मॅडमनाही वाटलं होतं. सांगते.

कापरेकरांचा जन्म १७ जानेवारी १९०५ चा, डहाणूचा. डहाणू आता पालघर जिल्ह्यात आहे, तेव्हा ठाणे जिल्ह्यात होतं. ते आठ वर्षांचे असताना आई गेली. वडील कारकून, पण त्यांना ज्योतिषाचा भारी नाद. पत्रिका मांडायची म्हणजे आकडेमोड आलीच, आणि आकड्यांची ती गोडी मुलाला लागली. माध्यमिक शाळा ठाण्याला. तिथे असताना ते तासन्‌तास कोडी सोडवत बसायचे, उत्तराची जवळची वाट शोधायचे. १९२३ मध्ये पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गेले. १९२७ मध्ये त्यांना स्वतंत्र गणिती कामासाठीचं रँग्लर परांजपे पारितोषिक मिळालं. १९२९ ला बी.एस्सी. झाले आणि देवळालीला शाळेत गणिताचे शिक्षक म्हणून लागले. संपलं शिक्षण. एम.एस्सी. नाही, पीएच.डी. नाही, विद्यापीठात खुर्ची नाही. १९६२ ला निवृत्त होईपर्यंत ते देवळालीचे मास्तरच राहिले.

आम्ही कोपरला राहतो. फास्ट लोकलवाल्यांना कोपर माहीत नसतं म्हणून सांगते, दिवा आणि डोंबिवली यांच्या मधलं हे स्टेशन. दोन मजली आहे. खाली मध्य रेल्वेची मेन लाइन, आणि तिच्या डोक्यावरून जाणारी दिवा-वसई लाइन म्हणजे अप्पर कोपर. वरची गाडी वसईला जाते आणि वसईच्या पुढे पश्चिम रेल्वेवर डहाणू. खालच्या लाइनवर एकीकडे ठाणे, दुसरीकडे कल्याण, कसारा, इगतपुरी आणि नाशिकरोडच्या अलीकडे देवळाली. म्हणजे कापरेकरांचं जन्मगाव, शाळा आणि नोकरी, तिन्हींकडच्या वाटा आमच्या स्टेशनात एकमेकींना ओलांडतात. आणि पुढच्या स्टेशनाने तर त्यांच्या संख्यांना नावच दिलं. जी.आय.पी. रेल्वेवर मुंबईपासून तीसेक मैलांवर डेम्लो नावाच्या स्टेशनात त्यांना एका जातीच्या संख्यांची कल्पना सुचली. डेम्लो म्हणजे आताची डोंबिवली. त्यांनी सरळ त्या संख्यांना डेम्लो संख्या म्हणून टाकलं. १, ११, १११, ११११ यांचे वर्ग करून बघा: १, १२१, १२३२१, १२३४३२१. नऊ एककांचा वर्ग केला की १२३४५६७८९८७६५४३२१, डोंगर चढून उतरल्यासारखा. या त्यांतल्या सर्वांत देखण्या. १९३९ मध्ये के. आर. गुंजीकर यांच्याबरोबर लिहिलेला डेम्लो संख्यांवरचा लेख मुंबई विद्यापीठाच्या जर्नलमध्ये छापून आला. डोंबिवली स्टेशनात उभं राहिल्यावर आपल्याला एकच गोष्ट सुचते, चढायला मिळेल का!

आता थोडं सेमिनारकडे येते, नाहीतर पुढचं कळणार नाही.

आपण बँकेची साइट उघडतो तेव्हा ती आपल्याकडे आपलं प्रमाणपत्र पाठवते. त्यात साइटचं नाव, तिची सार्वजनिक किल्ली, मुदत आणि ते प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेची डिजिटल सही असते. त्या संस्थेचं स्वतःचं प्रमाणपत्र तिच्या वरच्या संस्थेने सही केलेलं असतं. असं चढत चढत गेलं की टोकाला एक मूळ प्रमाणपत्र येतं, आणि त्याच्यावर सही कोणाची? त्याची स्वतःचीच. त्याच्या वर कोणी नाही. अशा मूळ प्रमाणपत्रांची यादी आपल्या ब्राउझरमध्ये किंवा ऑपरेटिंग सिस्टीममध्ये आधीच भरलेली असते. ही सगळी साखळी तपासायचं काम ॲप लिहिणारा स्वतः करत नाही, तो एक तयार लायब्ररी वापरतो. आता त्या लायब्ररीतच खोट असेल तर? किंवा लायब्ररी चांगली आहे पण वापरणाऱ्याने ती उलटी जोडली असेल तर? बाहेर कुलपाचं चित्र दिसत राहतं आणि आत दार सताड उघडं.

वरवर पाहता याचं कापरेकरांशी नातं एवढंच की दोन्हीकडे अंक आहेत. पण मी जसजशा त्यांच्या संख्या वाचत गेले तसतशी सेमिनारमधली एकेक खोट मला तिथे आधी समजली आणि मग पेपर वाचून समजली.

उदाहरणार्थ ज्यांना कापरेकर संख्या म्हणतात त्या. ४५ चा वर्ग २०२५. मधून तोडा, २० आणि २५, बेरीज ४५. २९७ चा वर्ग ८८२०९, आणि ८८ अधिक २०९ म्हणजे २९७. ७०३ चंही असंच, वर्ग ४९४२०९. यात डोकं आणि शेपूट दोन्ही मोजावी लागतात, नुसतं डोकं बघून भागत नाही. २००६ मध्ये डॅनियल ब्लाइखेनबाखर यांनी दाखवलेली चूक हीच होती. आरएसए सही तपासताना सहीच्या आकड्याचा घात करतात (काही किल्ल्यांसाठी तो नुसता घन असतो) आणि उत्तर एका साच्यात बसतं का ते बघतात: सुरुवातीचे ठरलेले अंक, मग भरताड, आणि अगदी शेवटच्या टोकाला दस्तऐवजाचा ठसा, म्हणजे हॅश. काही लायब्रऱ्या सुरुवात बघायच्या, ठसा सापडला की खूश व्हायच्या, आणि ठशाच्या मागे अजून काही लोंबतंय का हे बघायच्याच नाहीत. मग खोटी सही करणाऱ्याला एवढंच करायचं होतं की ज्याच्या घनाचं डोकं बरोबर येईल असा आकडा शोधायचा. शेपटीला कचरा आला तरी चालेल. गुप्त किल्लीची गरजच नाही! ओपनएसएसएल ही जगभर वापरली जाणारी लायब्ररीसुद्धा यात सापडली होती. कागद-पेन्सिल घेऊन करता येण्यासारखा हल्ला. कापरेकरांना तो आवडला असता असं माझं मत आहे.

६१७४ चा शोध त्यांना लागला तो १९४६ मध्ये, आणि १९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी तो मांडला. त्यातली खरी गंमत मला दुसऱ्या वर्षी कळली. चार अंकी संख्या दहा हजाराच्या घरात, पण तपासायला तेवढ्या लागत नाहीत. अंक उतरत्या क्रमाने क, ख, ग, घ असे धरले तर पहिली वजाबाकी नेहमी ९९९ गुणिले (क वजा घ) अधिक ९० गुणिले (ख वजा ग) एवढी येते. त्यामुळे पहिल्या पायरीनंतर फक्त ५४ वेगवेगळी उत्तरं उरतात. त्या ५४ ना ६१७४ पर्यंत नेलं की झालं सिद्ध, सगळ्या संख्यांसाठी. मी एका रविवारी ते हाताने केलं. पाचवीतल्या पोराला जमेल. कोणाची सही नको, शिक्का नको.

पण पहिल्या वर्षी मी ते हाताने केलं नव्हतं, प्रोग्रॅमने केलं होतं. १००० पासून ९९९९ पर्यंत सगळ्या संख्या त्यात घातल्या. ११११, २२२२ अशा नऊ संख्या ६१७४ ला पोचणार नाहीत हे अपेक्षित होतं. न पोचलेल्या निघाल्या ७७. जास्तीच्या ६८ कुठून आल्या ते शोधता शोधता रात्र गेली. त्यांतली एक होती २१११. २१११ वजा १११२ म्हणजे ९९९. माझा प्रोग्रॅम ९९९ ला तीन अंकी समजत होता, म्हणून पुढे ९९९ वजा ९९९, शून्य, खेळ खलास. खरं तर ते ०९९९ आहे. ९९९० वजा ०९९९, ८९९१. मग ८०८२, ८५३२, ६१७४. पुढचं शून्य मी गिळलं होतं. आजोबांनी पेपरवर ००२५ लिहिलं होतं, २५ नव्हे, ते आत्ता कुठे माझ्या लक्षात आलं.

शून्यावरून २००९ मध्ये फार मोठा गोंधळ झाला होता. मॉक्सी मार्लिनस्पाइक आणि डॅन कॅमिन्स्की यांनी त्या वर्षी वेगवेगळं काम करून तो उघड केला. सी भाषेत शब्दाचा शेवट शून्य बाइटने दाखवतात, हे आपण पहिल्या सेमिस्टरलाच शिकतो. प्रमाणपत्राच्या साच्यात मात्र नावाची लांबी वेगळी लिहिलेली असते, त्यामुळे नावाच्या मध्ये शून्य बाइट बसू शकतो. चोराने काय करायचं, आधी बँकेचं नाव, मग शून्य, मग स्वतःच्या साइटचं नाव, असं एक लांबलचक नाव प्रमाणपत्रासाठी मागायचं. देणारी संस्था बघते शेवट कोणाचा आहे, तो चोराचा स्वतःचाच, मग देऊन टाकते. ते प्रमाणपत्र तपासणारी लायब्ररी शून्यापर्यंत वाचून थांबते आणि तिला दिसते फक्त बँक. सही खरी, संस्था खरी, मुदत खरी. एक शून्य दोघींनी दोन तऱ्हांनी वाचलं एवढंच.

हे सगळं मी सेमिनारमध्ये मोठ्या ऐटीत सांगितलं, आणि प्रश्नोत्तरांत मॅडमनी आमच्याच मिनी प्रोजेक्टचा कोड उघडायला लावला.

हा भाग लिहावा की नाही याचा मी दोन दिवस विचार करत होते. आमच्या चौघांच्या ग्रुपने सोसायटीच्या मेंटेनन्ससाठी एक ॲप केलं होतं. आमच्याच बिल्डिंगमध्ये ते वापरात होतं, आजोबांच्या फोनवरसुद्धा. सुरुवातीला सर्व्हर मित्राच्या लॅपटॉपवर होता आणि त्याचं प्रमाणपत्र आम्हीच बनवलेलं, स्वतःच स्वतःवर सही केलेलं. लायब्ररीने ते नाकारलं. अगदी बरोबर नाकारलं, कारण असं प्रमाणपत्र कोणीही बनवू शकतो. डेमोला दोन दिवस राहिले होते. आम्ही पायथनच्या कोडमध्ये एका ठिकाणी 'व्हेरिफाय'ची किंमत 'फॉल्स' करून टाकली. एरर गेली. सगळे खूश. नंतर सर्व्हर नीट जागी हलवला, पण ती ओळ तशीच राहिली, आणि दोन महिने लोकांचे पासवर्ड त्या ओळीवरून ये-जा करत होते. मधल्या मध्ये कोणी स्वतःचं प्रमाणपत्र पुढे केलं असतं तरी आमच्या ॲपने या बसा म्हटलं असतं. नशिबाने कोणाचं काही गेलं नाही, निदान आम्हाला कळलेलं नाही. मॅडम काही बोलल्या नाहीत, फक्त ती ओळ फळ्यावर लिहिली. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

अशी ओळ लिहिणारे आम्ही एकटे नाही, एवढाच काय तो दिलासा. २०१२ मध्ये टेक्सास विद्यापीठ (ऑस्टिन) आणि स्टॅनफर्डच्या संशोधकांनी ब्राउझर सोडून बाकीचं सॉफ्टवेअर तपासलं, तर ॲमेझॉन आणि पेपॅल यांनी दुकानदारांना दिलेल्या कोडमध्येही असले प्रकार निघाले. त्यातला एक मला फार आवडला. 'कर्ल' नावाच्या लायब्ररीत नाव तपासायच्या पर्यायाला २ ही किंमत द्यायची असे, आणि न सांगता ती २ च असे. काही प्रामाणिक प्रोग्रॅमरांनी सुरक्षेसाठी म्हणून तिथे मुद्दाम 'ट्रू' लिहिलं. ट्रू म्हणजे १. आणि १ चा अर्थ होता, प्रमाणपत्रात कसलं तरी नाव आहे एवढं बघ, ते आपल्याला हवं तेच आहे का ते बघू नकोस! पुढे कर्लने ती १ ची सोय बंद केली.

स्वतःच स्वतःवर सही केलेलं. हे शब्द माझ्या डोक्यात बसले होते, आणि तेव्हाच कापरेकरांच्या पुस्तिकांबद्दल वाचलं. त्यांच्या कामाला आपल्याकडचे पुष्कळ गणिती हसत. हा काही खरा संख्याशास्त्राचा विषय नाही, अंकांचे खेळ आहेत, असं त्यांचं म्हणणं. काही लेख छोट्या-मोठ्या नियतकालिकांत आले, काही अमेरिकेतल्या 'स्क्रिप्टा मॅथेमॅटिका'त आले, ६१७४ वरचा १९५५ मध्ये तिथेच. उरलेलं काम कापरेकर पदरचे पैसे घालून छापायचे. मुखपृष्ठावर प्रकाशक म्हणून लेखकाचं स्वतःचंच नाव आणि पत्ता देवळालीचा. १९५९ मध्ये एक पुस्तिका अशी निघाली, १९६३ मध्ये आणखी एक खाजगी छपाई. दोन्हींचा विषय होता स्वयंभू संख्या.

एखादी संख्या घ्यायची आणि तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवायची. २१ अधिक २ अधिक १ म्हणजे २४. मग २१ ही २४ ची जनक. आता २० चा जनक शोधा. सापडत नाही, कारण तो नाहीच. १, ३, ५, ७, ९, २०, ३१, ४२, ५३, ६४, ७५, ८६, ९७ यांनाही जनक नाही. या स्वयंभू. देवळात असतो तसा, कोणी न घडवलेला. उलट १०१ ला दोन जनक आहेत, ९१ आणि १००, दोन्हीकडून करून बघा. अशा संख्येला त्यांनी नाव दिलं जंक्शन. शेवटी रेल्वेचं नाव आलंच!

जंक्शन ही कल्पना कळली की प्रमाणपत्रांच्या जगातलं एक मोठं प्रकरण पाच मिनिटांत कळतं. सही पूर्ण दस्तऐवजावर नसते, त्याच्या ठशावर असते. दोन वेगळ्या दस्तऐवजांचा ठसा एकच आला तर एकावरची सही दुसऱ्यावर जशीच्या तशी बसते. १०१ च्या ठशावरून ९१ होते की १०० हे कोण सांगणार? एमडी५ या ठशाच्या पद्धतीत अशी जंक्शनं पाडता येतात हे २००४ पासून माहीत होतं, तरी काही संस्था त्याच ठशावर सही देत राहिल्या आणि ब्राउझर त्या सह्या मान्य करत राहिले. डिसेंबर २००८ मध्ये बर्लिनच्या एका परिषदेत संशोधकांनी दाखवलं की त्यांनी २०० प्लेस्टेशन ३ जोडून असं जंक्शन शोधलं: एका बाजूला साध्या वेबसाइटचं प्रमाणपत्र, रीतसर पैसे भरून सही करून घेतलेलं, आणि दुसऱ्या बाजूला स्वतः इतरांना प्रमाणपत्रं वाटू शकणाऱ्या संस्थेचं. तीच सही दुसऱ्यावर चिकटवली, आणि सगळे ब्राउझर मानायला तयार. २०१२ मध्ये सापडलेल्या 'फ्लेम' व्हायरसनेही एमडी५ चाच फायदा घेऊन मायक्रोसॉफ्टची खोटी सही मिरवली होती.

कापरेकरांना हसणाऱ्यांचं सगळंच चुकीचं होतं असं मी म्हणणार नाही. आपल्याला बारा बोटं असती आणि आपण बाराच्या पटीत मोजत असतो तर ६१७४ ची जादू राहिली नसती, हे खरं आहे. खोल गणित कशाला म्हणायचं यावर वाद होऊ शकतो. पण ६१७४ येतं की नाही यावर वाद होऊ शकत नाही. ५४ वजाबाक्या करा आणि बघा. आमच्या सर्व्हरचं प्रमाणपत्र मात्र तसं नव्हतं. त्यावरचं गणित पूर्ण बरोबर होतं, सही अंकागणिक जुळत होती, आणि तरीही त्यावरून ते यंत्र कोणाचं हे कळत नव्हतं. अमुक साइट म्हणजे अमुक बँक, ही गोष्ट कुठल्याही बेरीज-वजाबाकीने सिद्ध होत नाही. तिथे कोणीतरी ओळखीचं लागतंच. कापरेकरांचा दावा स्वतःच तपासता येण्यासारखा होता आणि लोक विचारत होते सही कोणाची. आमच्या ॲपला सही विचारायलाच हवी होती आणि आम्ही ती विचारणं बंद केलं होतं.

निवृत्तीनंतरचे दिवस त्यांना सोपे गेले नाहीत. १९६६ मध्ये पत्नी गेली. पेन्शनमध्ये भागत नव्हतं, म्हणून गणित आणि विज्ञानाच्या शिकवण्या घेत राहिले. संख्यांचं काम चालूच. ते कधीच पोटासाठी नव्हतं, त्यामुळे पोटाचे हाल झाले म्हणून ते थांबायचंही कारण नव्हतं.

मार्च १९७५ मध्ये 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकात मार्टिन गार्डनर यांनी आपल्या गणिती खेळांच्या सदरात कापरेकर आणि त्यांच्या स्वयंभू संख्यांबद्दल लिहिलं. ते सदर जगभर वाचलं जायचं. सत्तरीतल्या निवृत्त मास्तरांचं नाव एका महिन्यात सगळीकडे झालं. पुढे मोठमोठ्या गणितींनी त्यांच्या संख्यांवर लेख लिहिले, त्यांच्या नावाने प्रमेयं आली, आणि असंच फिरत फिरत ते नाव आमच्या जर्नलमध्ये इंग्रजीत येऊन पोचलं. ६१७४ फेब्रुवारी १९७५ मध्येही ६१७४ च होतं. बदललं होतं ते एवढंच की साखळीच्या वरच्या टोकाला आता सगळ्यांच्या यादीत असलेली सही होती. गार्डनर यांचे उपकार आहेतच, त्यांनी स्वतः पारखून लिहिलं होतं. ज्यांनी ती सही बघून एका दिवसात मत बदललं त्यांच्याबद्दल मात्र मला शंका आहे. वजाबाकी त्यांनी आधीही केली नव्हती आणि नंतरही नाही.

यादीतली सही चुकू शकते हे आपल्या देशाने २०१४ मध्ये पाहिलं. भारत सरकारच्या प्रमाणपत्र यंत्रणेखालच्या नॅशनल इन्फॉर्मेटिक्स सेंटरच्या नावाने गूगलच्या काही साइटची अनधिकृत प्रमाणपत्रं निघालेली जुलैमध्ये सापडली. मायक्रोसॉफ्टच्या यादीत आपली सरकारी सही होती, त्यामुळे विंडोजवरच्या लायब्रऱ्यांच्या दृष्टीने ती अस्सल ठरत होती. एकही पायरी चुकली नव्हती. दिल्लीहून ती प्रमाणपत्रं रद्द झाली, आणि गूगलने क्रोममध्ये भारतीय सहीची हद्द मोजक्या भारतीय पत्त्यांपुरती आखून टाकली.

कापरेकर १९८६ मध्ये देवळालीतच गेले. आजोबांनी त्यांना कधी पाहिलं नव्हतं, मीच आपली विचारत राहिले. त्यांना एवढंच आठवतं की कुठल्याशा दिवाळी अंकात कोड्यांच्या पानावर ६१७४ आलं होतं आणि ऑफिसात सगळ्यांनी आपापल्या पगाराचे आकडे घालून बघितले होते. तेव्हा पगार चार अंकी असायचे.

आमच्या ॲपमधली ती ओळ काढली. दोन दिवस ॲप बंद पडलं, सेक्रेटरीकाका वैतागले, मग रीतसर प्रमाणपत्र घेऊन सर्व्हरवर बसवलं. आजोबांनी विचारलं बंद का होतं, तेव्हा त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी पासवर्ड बदलला, आणि चार अंकी पिनही. नवीन पिन काय ठेवला ते मी विचारलं नाही, पण त्यांच्या चेहऱ्यावरून ओळखलं आणि तो परत बदलायला लावला.

डोंबिवलीहून कोपरला लोकलला तीनेक मिनिटं लागतात. १९०५ घेऊन तोंडी करत बसले की मी ३९९६ पर्यंत पोचते आणि कोपर येतं.